बातम्या कोण वाचतंय?

ताई त्या गावच्या रेडिओवर कितीतरी वर्षं बातम्या वाचत होत्या. रेडिओ केंद्र म्हणजे बँकेच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत मालकांचं टेबल, दोन फोन आणि एक लोखंडी कपाट. दुसरीत भिंतींना जाड फोम चिकटवलेला स्टुडिओ, मध्ये काच. तिथे बसून ताई जे वाचायच्या त्याला बातम्या म्हणायचं ते केवळ सवयीनं. पाणी कधी येणार, वीज कुठल्या भागात जाणार, कुठला रस्ता खोदलाय, डोळ्यांचे डॉक्टर कुठल्या वारी बसणार, कुणाची हिरवी सायकल हरवली, असलं सगळं. पण गावाला रोज लागायचं ते हेच. गॅरेजात, दुकानात, स्वयंपाकघरात रेडिओ चालू असायचा आणि ताईंचा आवाज लागला की लोक नळ बंद करून ऐकायचे. बाजारात त्यांनी नुसता भाव विचारला तरी मागून कुणीतरी म्हणायचं, "अहो, रेडिओवाल्या बाई!"

मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी दिसतेय, पण काढावी लागेल. आणि आवाजाची नस अगदी तिला चिकटून आहे. "आम्ही जपू. पण शब्द देत नाही."

ताईंच्या धाकट्या भावाची बायको कॉम्प्युटर इंजिनीअर होती. चांगली नोकरी सोडून तिनं दोन मैत्रिणींबरोबर घराच्या गॅरेजमध्ये कंपनी काढली होती. लिहिलेला मजकूर माणसाच्या आवाजात वाचून दाखवणारी यंत्रणा त्या बनवत होत्या. भाऊ गाडी रस्त्यावर लावायला लागला होता आणि त्याबद्दल रोज कुरकुरायचा. ताई भावजयीला नावानं हाक मारतच नसत. "इंजिनीअर" म्हणायच्या.

ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात इंजिनीअर आली आणि म्हणाली, "ताई, तुमचा आवाज ठेवून घेते."

"ठेवून घेते म्हणजे? बरणीत भरून?"

"तसंच समजा."

गॅरेजात गाद्या उभ्या करून त्यांनी आडोसा केला. ताईंनी जुन्या सूचना वाचल्या, आकडे वाचले, प्रश्न विचारले, हसून दाखवलं. इंजिनीअर म्हणाली, "आता रागावून बोला."

"कुणावर?"

"माझ्यावर बोला."

"तुझ्यावर रागवायला मला कागद लागत नाही," ताई म्हणाल्या आणि दोघी इतक्या हसल्या की तेही रेकॉर्ड झालं.

ऑपरेशन नीट पार पडलं. गाठ निरुपद्रवी निघाली. आवाज मात्र गेला. म्हणजे अगदीच गेला असं नाही. जे उरलं ते घोगरं, फाटलेलं आणि दमलेलं होतं. वाक्य जरा लांब झालं की मध्येच श्वास संपायचा. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले, थोडा फरक पडेल म्हणाले, पण पहिल्यासारखं होईल असं काही म्हणाले नाहीत. ताई घरात बसून राहिल्या. फोन वाजला तरी उचलेनात.

एका दुपारी इंजिनीअर लॅपटॉप घेऊन आली. तिनं चार शब्द टाइप केले आणि बटण दाबलं. "नमस्कार. आजच्या ठळक सूचना," लॅपटॉप म्हणाला. ताईंच्या आवाजात. जुन्या, स्वच्छ, खणखणीत आवाजात.

ताई उठून स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ नळ वाहत असल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"'ठळक'वर मी एवढा जोर देत नाही," त्या म्हणाल्या.

"दाखवा कसा देता," इंजिनीअर म्हणाली आणि तिथून काम सुरू झालं.

मालक एकदम खूश झाले. बाई गेल्या तर जाहिरातदार जातील या विचारानं त्यांची झोप उडाली होती. आता ताईंनी घरून किंवा केंद्रातून सूचना लिहायच्या, तपासायच्या आणि यंत्रानं वाचायच्या, असं ठरलं. ऐकणाऱ्यांना हे सांगायचं का, हा विषय निघाला होता. "सांगून काय साधणार?" मालक म्हणाले. "मजकूर तुमचा, आवाजही तुमचाच. उगाच लोकांच्या डोक्यात भुंगा कशाला सोडायचा?" इंजिनीअरला सांगावंसं वाटत होतं, पण ती गडबडीत होती. ताईंना लोकांनी हळहळलेलं नको होतं. तिघांची कारणं वेगवेगळी होती आणि तिघंही गप्प बसले.

यंत्र कधी आजारी पडत नव्हतं, रजा मागत नव्हतं, पहाटेही तितकंच ताजं बोलत होतं. काही महिन्यांत आसपासच्या गावांतली केंद्रंही तोच आवाज घेऊ लागली. ताईंनी कधी पाऊलही टाकलं नव्हतं अशा गावांत त्या सकाळ-संध्याकाळ बोलू लागल्या. कंपनी गॅरेजातून निघून दोन मजली ऑफिसात गेली, दहा-बारा माणसं कामाला लागली आणि भावाची गाडी परत आत आली. पुढे सगळ्या सूचना ताईंकडून तपासून घेणं जमेना. तेव्हा इंजिनीअरनं पाणी, वीज, अग्निशमन अशा खात्यांच्या सूचना थेट यंत्राकडे जातील अशी सोय केली. खात्यानं पाठवली की मिनिटाभरात रेडिओवर.

एकदा एका अनोळखी माणसाचा फोन आला. शेजारच्या गावातल्या केंद्रावर तो बातम्या वाचायचा. "तुमचा आवाज आला आणि मला घरी बसवलं," तो म्हणाला. भांडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. "फार छान वाचता तुम्ही," असंही म्हणाला आणि फोन ठेवला. ताईंनी इंजिनीअरला सांगितलं. ती खाली बघत म्हणाली, "त्यांना दुसरं काम द्या असं मी त्या लोकांना म्हटलं होतं. दिलं नाही." तो विषय तिथेच राहिला, पण पुढे बरेच दिवस ताईंना जेवण गोड लागलं नाही.

घरी तर वेगळीच गंमत. ताईंची आई थकलेली, कानानं थोडी अधू. लेकीचं घोगरं बोलणं तिला नीट कळायचं नाही. "काय पुटपुटतेस?" म्हणायची. रेडिओ लागला की मात्र खुर्ची ओढून बसायची आणि ताई समोर शेंगा सोलत असल्या तरी रेडिओकडे बघून म्हणायची, "आज छान वाचलंस हो." ताई मान हलवायच्या. आधी हसू यायचं. नंतर नंतर येईनासं झालं.

अशाच एका दुपारी जेवणं उरकली होती. आई खुर्चीत, रेडिओ चालू. गाणं मध्येच थांबलं आणि ताईंचा आवाज आला:

"तातडीची सूचना. बर्फाच्या कारखान्यातून वायूची गळती झाली आहे. कारखान्याजवळच्या वस्तीतील सर्वांनी नाकातोंडावर ओला कपडा धरून ताबडतोब घराबाहेर पडावे आणि शाळेच्या मैदानाकडे जावे."

ताईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. हे त्यांनी लिहिलेलं नव्हतं. अग्निशमनच्या ऑफिसात फोन लावला, तो लागेना. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. शेवटी तिथल्या ओळखीच्या फायरमननं उचलला आणि त्याचा आवाज चढलेला होता. "बाई, अहो हा सराव होता सराव! पुढच्या आठवड्यातल्या सरावाचा मसुदा पाठवलाय आम्ही. वर मथळ्यात लिहिलंय 'सराव' म्हणून! तुम्ही काय वाचून मोकळ्या झालात?"

यंत्रानं मथळा सोडून खालचा मजकूर तेवढा वाचला होता.

ताईंनी शेजारणीला आईजवळ बसवलं आणि केंद्राकडे निघाल्या. रस्त्यात गोंधळ माजला होता. बाया ओले पदर नाकाशी धरून पोरांना ओढत नेत होत्या. एक रिक्षा आठ-दहा माणसं घेऊन चुकीच्या बाजूनं येत होती. दुकानांची शटरं धडाधड खाली येत होती. ताई ओरडून सांगत होत्या, "काही नाही झालेलं! घरी जा!" पण त्या घोगऱ्या ओरडण्याकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ होता? एक माणूस उलट त्यांनाच म्हणाला, "मावशी, नाक झाका आधी."

जिना चढून वर पोचेपर्यंत त्यांना धाप लागली होती. मालकांची तर पाचावर धारण बसली होती. दोन्ही फोन एकदम वाजत होते. ताई सरळ स्टुडिओत गेल्या आणि माइक चालू केला.

"ऐका. मी बोलतेय. रेडिओवरची बाई. वायू सुटलेला नाही. ती सूचना... चुकून गेली. सराव होता. कुणीही..." श्वास संपला. परत घेतला. "कुणीही घर सोडू नका."

त्यांनी हे तीनदा सांगितलं. बाहेर मालकांनी एक फोन उचलला आणि स्टुडिओचं दार उघडून स्पीकरवर टाकला. एक बाई तावातावानं बोलत होती. "कोण बसवलंय तुम्ही माइकवर? आमच्या बाईंनी स्वतः सांगितलंय बाहेर पडा म्हणून. मागून ही कोण येऊन खोटं सांगतेय?"

"अहो, मीच ती बाई," ताई म्हणाल्या.

"लाज वाटत नाही का अशा वेळी सोंगं आणायला? बाईंचा आवाज आम्ही ओळखत नाही होय?" फोन आपटल्याचा आवाज झाला.

दुसऱ्या फोनवर इंजिनीअर होती. तिच्याही ऑफिसात धावपळ उडालेली असणार, पण आवाज शांत ठेवून ती म्हणाली, "ताई, खात्यांकडून येणारं सगळं मी बंद केलंय. आता तुम्ही टाइप करा. यंत्राला सांगू दे."

"मी सांगतेय की इथं जिवंत माणूस बसून!"

"ताई, ते तुम्हाला ओळखत नाहीयेत. आत्ता वाद नको. टाइप करा."

ताईंनी टाइप केलं. दोनदा खोडावं लागलं. मग त्यांचा जुना, धीराचा, स्वच्छ आवाज गावभर गेला, की आधीची सूचना सरावाची होती, चुकून प्रसारित झाली, कोणताही धोका नाही, सर्वांनी सावकाश घरी परतावं. यंत्रानं ते परत परत सांगितलं. थोड्या वेळानं खिडकीतून दिसलं, लोक थांबले, एकमेकांशी बोलले आणि वळले. पदर खाली आले. कुणीतरी हसलंसुद्धा.

ताई स्टुडिओतल्या खुर्चीत बसून होत्या. मालकांनी पाणी आणून दिलं तर ते हातातच धरून ठेवलं.

सुदैवानं मोठं काही झालं नाही. शाळेजवळच्या उतारावर एक म्हातारे शिंपी पडले आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. बाकी खरचटण्यावर निभावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांच्या खोलीत तिघं बसले. इंजिनीअरचे डोळे सुजले होते. तिनं आधीच सांगून टाकलं, "चूक माझ्या यंत्रणेची आहे. माणसानं होकार दिल्याशिवाय तातडीची सूचना यापुढे जाणार नाही."

"झालं तर मग," मालक म्हणाले. "माफीची एक ओळ वाचा यंत्राकडून आणि विषय मिटवा."

"मिटत नाही," ताई म्हणाल्या. "उद्या खरंच वायू सुटला आणि वीज गेली, यंत्र बंद पडलं, तर? मी माइकवर घसा फोडला तरी माणसं घरात बसून राहतील. काल घराबाहेर होती ती आत जाईनात, तशी. या गावात माझा आवाज कुणाला माहीतच नाही. मला लोकांना खरं काय ते सांगायचंय."

मालकांनी कपाळाला हात लावला. "बाई, लोक म्हणतील वर्षभर फसवलं."

"म्हणतील. खरंच आहे ते."

दोघांनी इंजिनीअरकडे पाहिलं. ती पेनाचं टोपण काढत होती, लावत होती. "बाकीची केंद्रं बिथरतील," ती म्हणाली. "माझ्याकडे माणसं कामाला आहेत, ताई. त्यांची घरं आहेत."

"मग तू म्हण सांगू नका म्हणून. मी नाही सांगणार. तुझा शब्द मोडणार नाही मी."

खाली बँकेत कुणाचा तरी टोकन नंबर पुकारला गेला, तोही यंत्रानंच.

"सांगा," इंजिनीअर म्हणाली. "पण आधी मला सगळ्या केंद्रांना फोन करू द्या. त्यांना हे रेडिओवरून कळायला नको."

त्या दिवशी दुपारपर्यंत ती फोनवर होती. एकानं तिला नाही नाही ते सुनावलं, ते ताईंनी काचेतून नुसतं पाहिलं. मग तिनं अंगठा वर केला आणि ताईंनी माइक चालू केला. कागद लिहून आणला होता. वाक्यं मुद्दाम छोटी ठेवली होती, श्वास पुरेल एवढी.

"नमस्कार. ही मी. माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज असा झाला. तुम्ही वर्षभर जो ऐकलात तो यंत्राचा आवाज होता. माझ्या जुन्या आवाजावरून बनवलेला. मजकूर मी लिहीत होते. सगळा नाही, बराचसा. कालची चुकीची सूचना यंत्रानं वाचली. ती चुकीची आहे हे सांगायला मी आले. तुम्ही मला ओळखलं नाहीत. त्यात तुमचा दोष नाही. आम्ही आधी सांगायला हवं होतं. आजपासून दुपारच्या सूचना मी वाचेन. यंत्र वाचेल तेव्हा ते आधी सांगेल की ते यंत्र आहे. तातडीचं काही असलं तर माणूस सांगेल. हा आवाज लक्षात ठेवा."

फोन सुरू झाले. काही जण भडकलेले. एका गृहस्थांनी विचारलं, मग वाढदिवसाला माझं नाव घेतलंत तेही यंत्रानंच का? एक बाई रडली. एक जण म्हणाला, "मला संशय होताच. बाई हल्ली खोकतच नव्हत्या!" एक बाई कान फुटेस्तोवर बोलली आणि शेवटी आल्याचा रस घ्या म्हणाली.

संध्याकाळी ताई आणि इंजिनीअर शिंप्यांकडे गेल्या. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. शिवणयंत्रावर कापड झाकलेलं, दोरीवर अर्धवट शर्ट आणि झगे टांगलेले. शिंपी पलंगावर, हात प्लास्टरमध्ये. त्यांची बायको दारातच उभी राहिली, रेडिओच्या बाई आल्यात एवढंच आत सांगितलं, या म्हणाली नाही.

"कोणत्या बाई आल्यात?" आतून आवाज आला. "यंत्राच्या की हाडामांसाच्या?"

"हाडामांसाच्या," ताई म्हणाल्या. "येऊ का?"

इंजिनीअर पलंगापाशी उभीच राहिली. म्हणाली, "चूक माझी होती. तुमच्या उपचारांचं सगळं कंपनी बघेल. काम बंद राहील त्याचंही."

"ते बघाच," शिंपी म्हणाले. "पण मला एक सांगा. मी कात्री खाली ठेवून ऐकायचो. हिला म्हणायचो, बघ, बाईंचं ऑपरेशन झालं म्हणतात तरी आवाज कसा टिकवलाय. मला बरं वाटायचं. मग मला नक्की कशाचं बरं वाटत होतं?"

ताई पलंगाच्या कडेला बसल्या. "मलाही ऐकून बरं वाटायचं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मी गप्प बसले."

बायकोनं हळूच खुर्ची पुढे सरकवली, ती इंजिनीअरसाठी होती.

"एक काम करा," शिंपी म्हणाले. "लोकांचे कपडे अडकलेत माझ्याकडे. कुणाचं कार्य असेल, कुणाची मुलाखत. घेऊन जा म्हणावं, दुसरीकडे शिवून घ्या. हे रेडिओवर सांगा. पण तुम्ही सांगा. ते दुसरं नको."

ताईंनी दुसऱ्या दुपारी ती सूचना वाचली. मध्ये एकदा खोकला आला, थांबून पाणी प्यायल्या, पुढे वाचली. लोक दुकानात गेले. काहींनी कापडं परत नेली. काहींनी तशीच ठेवली, हात बरा झाल्यावर बघू म्हणाले.

पुढे झालं ते असं. दोन केंद्रांनी कंपनीशी करार मोडला. इंजिनीअरनं एका मैत्रिणीला आणि दोन माणसांना कमी केलं. उरलेल्या केंद्रांना तिनं ताईंचा आवाज देणं बंद केलं. कुणाचाच वाटणार नाही असा एक नवा आवाज बनवला. तो सुरुवातीलाच सांगायचा, मी यंत्र बोलतोय. पहिल्यांदा लोकांनी नाकं मुरडली. मग कळलं की बाजारभाव आणि बसचं वेळापत्रक कुणीही वाचलं तरी चालतं. तिथे यंत्र राहिलं. एका केंद्रानं तातडीच्या सूचनांना होकार द्यायला माणूस नेमला, मग बाकीच्यांनीही नेमले, कारण त्याशिवाय इंजिनीअर यंत्रणा देईना. त्या अटीमुळे तिचा धंदा वाढायला वेळ लागला, पण उभा राहिला.

दुपारच्या सूचना मात्र ताईच वाचत राहिल्या. व्यायामानं आवाज थोडा सुधारला, फार नाही. मालक रोज घड्याळाकडे बघत बसायचे, कारण यंत्र जे पाच मिनिटांत संपवायचं त्याला ताईंना दहा लागायची. "बाई, जरा भराभर," ते काचेतून खुणावत. ताई तिकडे बघायच्याच नाहीत.

एका दुपारी पाइपलाइन फुटली. पाणी संध्याकाळऐवजी दुसऱ्या दिवशी येणार, अशी सूचना ताईंनी वाचली आणि लगेच फोन वाजला.

"नीट ऐकू आलं नाही हो. कधी म्हणालात पाणी?"

"उद्या," ताई म्हणाल्या. "उद्या सकाळी. आत्ता आहे ते जपून वापरा."

"बरं बरं," पलीकडची बाई म्हणाली आणि घरात कुणाला तरी ओरडून सांगितलं, "बाई म्हणतायत पाणी उद्या! बादली भरून ठेव!"

ताईंनी फोन खाली ठेवला, पाण्याचा घोट घेतला आणि पुढची सूचना वाचायला घेतली.